ऑर्गनचा उसना सूर

ख्रिस्ती देवळांतील नळ्यांच्या ऑर्गनास विजेच्या यंत्रातून निघणारे जादा स्वर जोडण्याची चाल पाश्चात्त्य देशांत आता चांगलीच रुळली आहे. देऊळ जुने, ऑर्गन पणजोबांच्या वेळचा, त्यातील नळ्या मोजक्या. नव्या नळ्या करून घ्याव्यात तर द्रव्य नाही, आणि द्रव्य असले तर त्या उभ्या करावयास जागा नाही. अशा वेळी कारागीर वाद्याच्या पट्ट्यांच्या बाजूस दहा-वीस नवे खटके बसवितो. ते ओढले म्हणजे नळी वाजत नाही. दुसऱ्या एखाद्या नामांकित ऑर्गनाच्या नळीचा पूर्वी टिपून घेतलेला व आकड्यांच्या रूपाने साठविलेला आवाज भोंग्यातून बाहेर पडतो. बाकावर बसलेल्या भाविकास घरचा सूर कोणता आणि उसना कोणता हे बहुधा कळत नाही. या प्रकारास कोणी सोय म्हणतात, कोणी लबाडी म्हणतात, आणि दोन्ही पक्ष आपापल्या मतास धर्मश्रद्धेइतके चिकटून असतात.

हा वाद अमरावती-अकोल्याच्या वाचकांस दूरदेशीचा वाटेल. वऱ्हाडात ऑर्गन म्हटला म्हणजे डोळ्यांपुढे देऊळ येत नाही, नाटक येते. नांदीच्या आधी पडद्याआडून येणारा तो भरदार षड्ज येतो. परंतु नेमका हाच प्रश्न आपल्या रंगभूमीच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे. पायांनी भाता चालवावयाचा ऑर्गन संगीत नाटकाच्या प्रयोगात आता क्वचितच दृष्टीस पडतो. त्याच्या जागी विजेची पेटी आली आहे, आणि तिच्या अनेक आवाजांपैकी एकास ‘ऑर्गन’ असे नाव दिलेले असते. तेव्हा या वाद्याची हकीकत मुळापासून पाहून मगच उसन्या सुराचा न्याय करावा, हे आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते.

ऑर्गनाचा जन्म धर्मस्थानी झालेला नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे क्टेसिबिअस नावाचा एक यंत्रकुशल गृहस्थ होऊन गेला. पाण्याच्या दाबाने हवा समतोल राखून ती नळ्यांत सोडण्याची युक्ती त्याची. पुढे रोमन लोकांनी हे वाद्य आखाड्यांत नेले, आणि जेथे माणसे एकमेकांचे गळे कापीत तेथे ते वाजू लागले. इ. स. ७५७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाने फ्रँक राजा पेपिन यास एक ऑर्गन नजर केला, तोही राजवैभवाचे चिन्ह म्हणून. देवळात त्याचा प्रवेश त्यानंतरचा. आमच्याकडे पेटी बैठकीतून भजनात शिरली तेव्हा ज्यांनी नाके मुरडली त्यांस ही वंशावळ ऐकविण्यासारखी आहे.

वाद्याची रचना कल्पनेस अवघड नाही. एक मोठा भाता, त्यातील हवा साठविणारी पेटी, आणि त्या पेटीवर रांगेने उभ्या केलेल्या शिट्ट्या. पट्टी दाबली की तिच्या शिट्टीखालचे झाकण उघडते. एका जातीच्या आवाजाच्या नळ्यांची एक रांग, आणि प्रत्येक रांगेस एक खटका. ज्या रांगेचा खटका ओढावा ती बोलू लागते. नळी जितकी लांब तितका सूर खाली. खर्जाच्या पांढरी एकसाठी सुमारे आठ फूट लांबीची उघडी नळी लागते. त्याखालच्या सप्तकास सोळा फूट, त्याहीखाली बत्तीस फूट. बत्तीस फुटी नळीतून दर सेकंदास अवघी सोळा आंदोलने निघतात. तो सूर कानांनी ऐकू येतो त्यापेक्षा बाकाच्या लाकडातून व छातीच्या पिंजऱ्यातून अधिक कळतो. नळीचे तोंड वरून बंद केल्यास निम्म्या लांबीत तोच सूर मिळतो, पण त्याचा रंग पालटतो. सिडनीच्या नगरभवनातील १८९० सालच्या ऑर्गनात तर चौसष्ट फुटांची एक रांग आहे. तिच्या तळचा आवाज म्हणजे संगीत की भूकंप हे ठरविणे कठीण. कारागिराची अर्धी विद्या या लांबीपाशी येऊन अडते, कारण देवळाचे छप्पर नळीसाठी उंच करता येत नाही. विजेच्या सुरास पहिला शिरकाव मिळाला तो येथेच, खर्जात.

हिंदुस्थानास या वाद्याची ओळख इंग्रजांनी करून दिली अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच गोव्याच्या देवळांत ऑर्गन आणले होते. अकबराने हाजी हबीबुल्ला नावाच्या आपल्या माणसास तेथील कलाकुसरीच्या चिजा आणण्यासाठी गोव्यास धाडले होते. त्याने आणलेल्या चमत्कारांत एक ऑर्गनही होता, व तो १५८० च्या सुमारास फत्तेपूर येथे दरबारात वाजविण्यात आला. इतिहासकार बदाऊनी याने त्याचे वर्णन लिहून ठेविले आहे. मनुष्याच्या उंचीची एक पेटी, आत बसून वाजविणारा फिरंगी, बाहेर मोरपिसांचे पंख, आणि निघणाऱ्या नाना स्वरांनी चकित झालेले लोक! एरवी अकबराच्या प्रत्येक नव्या छंदावर जळफळणारा हा कट्टर मुल्ला येथे मात्र आश्चर्य लपवू शकलेला नाही. ज्या वर्षी, म्हणजे १५७९ साली, ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर स्टीफन्स गोव्यास उतरले, त्याच्या मागेपुढेच हा प्रसंग घडला. एकाच बंदरातून दोन वाटा फुटल्या. वाद्य बादशहाकडे गेले आणि तेथे एक नवलाई होऊन राहिले. गोव्यात राहिलेल्या साहेबाने आमच्या ओवीचा छंद उचलला, आणि त्याचे पुराण गोमंतकातील ख्रिस्ती लोकांच्या तोंडी पुष्कळ काळ गात राहिले.

इंग्रजी अमदानीत मुंबईस नळ्यांचे ऑर्गन आले. १७१८ साली उघडलेले सेंट टॉमसचे देऊळ, अफगाण युद्धात पडलेल्या शिपायांच्या स्मरणार्थ बांधून १८५८ मध्ये प्रतिष्ठित केलेले कुलाब्याचे देऊळ, १९०५ सालचे वुडहाउस रस्त्यावरील कॅथॉलिक प्रधानमंदिर, या प्रत्येकास आपापला नळ्यांचा ऑर्गन आहे. देवळाबाहेरही एक होता. १८७० साली ड्यूक ऑफ एडिंबरो मुंबईस येऊन गेले, त्या भेटीचे स्मारक म्हणून सर आल्बर्ट ससून यांनी टाउन हॉलास एक ऑर्गन अर्पण केला. बगदादी ज्यू व्यापारी, इंग्रज राजपुत्राच्या स्मरणार्थ, ज्या इमारतीत एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह आहे तेथे, ख्रिस्ती देवळाचे वाद्य बसवितो. त्या काळच्या मुंबईचे याहून बोलके चित्र आम्हांस ठाऊक नाही.

परंतु आमची हवा या वाद्यास मानवत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते व झाकणे अडकतात. उन्हाळ्यात कातडे तडकते. वाळवीस तर धर्माधर्म ठाऊकच नाही. सर्वांत चमत्कारिक गोष्ट सुराची आहे. नळीतील हवा तापली म्हणजे ध्वनीचा वेग वाढतो व सूर चढतो. हिशेब केला तर असे दिसते, की पारा १५ अंशांवरून ४५ अंशांवर गेला असता नळीचा सूर अर्धस्वराच्या शंभर भागांपैकी सुमारे ८५ भाग वर जातो. म्हणजे पौषातील सकाळी काळी एकमध्ये मिळविलेली नळी वैशाखातल्या दुपारी पांढरी दोनच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहील. विलायतेत हा फरक दोन-चार अंशांच्या पोटात मावतो. अकोल्याच्या मे महिन्यात तो दीड श्रुतीहून अधिक होतो! सगळ्या नळ्या एकदमच चढल्या तर ऐकणारास त्याचा त्रास थोडा. परंतु ऑर्गनात धातूच्या पातीने वाजणाऱ्याही काही रांगा असतात. त्या हवेबरोबर तितक्या चढत नाहीत, आणि मग एकाच वाद्याच्या पोटात भाऊबंदकी सुरू होते.

म्हणून वऱ्हाडाच्या वाट्यास आला तो नळ्यांचा ऑर्गन नव्हे, पातीचा. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्यातील सूर पितळी पात्यांचे. त्यास उन्हाळा बाधत नाही आणि जागा मेजाएवढी पुरते. पुढे अमेरिकेत याच कुळातील एक शाखा निघाली. हार्मोनियम हवा बाहेर फुंकतो, अमेरिकन बाजा ती आत ओढतो. त्यामुळे त्याचा आवाज अधिक मृदू व गोल असतो. व्हरमाँट प्रांतातील एस्टी यांच्या एकट्या कारखान्यातून असे पाच लाखांवर बाजे बाहेर पडले. मिशनरी लोकांसाठी तर घडी घालून बैलगाडीत टाकता येतील असे लहान बाजे मुद्दाम तयार होत. १८६७ साली आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोचली, आणि त्या शतकाच्या अखेरीस अकोला, अमरावती, खामगाव या बाजूस अलायन्स मिशनने आपली ठाणी घातली. असल्या ठाण्यांतून गाइले जात त्या मराठी गीतांत इंग्रजी चालींची भाषांतरे होती, तशीच आपल्या वळणाची पदेही होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी तर अभंग, भजन व कीर्तन हीच ख्रिस्ती उपासनेची वाट धरली, आणि त्या वाटेवर झांज व एकतारी पुरेशी होती. ऑर्गनावाचून देऊळ चालू शकते, हे या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. ऑर्गनास अनिवार्य समजून त्याच्या खऱ्याखोट्यावर भांडणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

त्याच पातीच्या वाद्यास कलकत्त्यास पाय गमवावे लागले. द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात भाता मागे घेऊन ते मांडी घालून वाजविण्याजोगे केले. ती हातपेटी आता इतकी आपली झाली आहे, की तिच्या सुरांच्या रांगांस आपण खर्ज, नर, मादी अशी नावे दिली आणि पालिताण्याच्या पात्यांची वाखाणणी करू लागलो. तिचे मूळ परदेशी आहे याची कोणास आठवणही उरली नाही.

पायांचा बाजा मात्र नाटकाने उचलला. आपण ज्यास ‘ऑर्गन’ म्हणतो तो हाच. शास्त्रदृष्ट्या त्यात एकही नळी नाही. नाव तेवढे देवळातून आले. त्याच्या पट्ट्यांवरील खटक्यांवर बासरी, व्हायोल अशा नावांच्या पाट्या असत, आणि कित्येकांवर ‘८ फूट’ असा आकडाही कोरलेला असे, जरी आतील पाते बोटभरच लांब असले तरी! उसनेपणा ऑर्गनाच्या घराण्यात काही कालपरवा शिरलेला नाही.

या वाद्याची मराठी रंगभूमीस गरज का पडली, हे समजून घेण्यासारखे आहे. ध्वनिवर्धक नव्हते, नाटकगृह म्हणजे पुष्कळदा पत्र्याचा मांडव, आणि समोर हजार-दोन हजारांचा समुदाय. सारंगी गळ्याच्या जवळ जाते खरी, पण शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही. नटाने भाषणातून पदात शिरताना ज्यावर पाय ठेवावा असा सलग, न तुटणारा, रुंद सूर हवा होता. तो ऑर्गनाने पुरविला. बालगंधर्वांच्या साथीस कादरबक्ष यांची सारंगी, थिरकवाँचा तबला आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन असे जे त्रिकूट बसे, त्यात सारंगीने गळ्याची सावली व्हावी आणि ऑर्गनाने जमीन व्हावे अशी जणू वाटणीच झालेली होती. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीचा बादशहाही याच रंगभूमीने जगापुढे आणला.

या इतिहासात वऱ्हाड केवळ प्रेक्षक नव्हता. कापसाच्या पैशावर नाटक कंपन्यांचे वऱ्हाड-नागपूरचे दौरे चालत, एवढेच सांगून लोक थांबतात. ते अपुरे आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे शिक्षण अकोल्यास झाले व वकिलीही या प्रांतात झाली. १८९६ साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘वीरतनया’ने पारशी रंगभूमीवरील चाली मराठी नाटकात आणल्या. कीर्तनाच्या व लावणीच्या वळणावर पोसलेल्या कानांस त्या चाली उसन्या वाटल्या, आणि तसा आक्षेप घेणारे जाणते लोक थोडे नव्हते. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांची ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्शने गाजविली आणि ‘रणदुंदुभी’ १९२७ साली बळवंत संगीत मंडळीने. मास्टर दीनानाथांच्या तानेस त्या नाटकात जे रान मिळाले त्याची आठवण अमरावतीकर अद्याप अभिमानाने काढतात. उसनी चाल पन्नास वर्षांत घरची होते, एवढे तरी कोल्हटकरांच्या उदाहरणावरून आपणांस मान्य करावे लागते. वाद्याच्या सुरासही तोच न्याय लावता येईल काय, हा पुढचा प्रश्न.

तो सोपा नाही, कारण पातीच्या वाद्यांवर आमच्याकडे दोन खटले चालून गेलेले आहेत. पहिला श्रुतींचा. पेटीतील बारा सूर सारख्या अंतरावर बसविलेले असतात. गळ्यातील गंधार-धैवत तसे नसतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे गायन त्यांच्या प्रयोगांस आधारभूत होते. क्लेमेंट्स नावाचे एक न्यायाधीश साहेब त्यांस मिळाले, आणि लंडनच्या मूर कंपनीकडून श्रुतींची एक खास पेटी तयार करविण्यात आली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. परंतु भातखंडे व तेथे जमलेले गवई यांच्या पसंतीस ती उतरली नाही. दुसरा खटला नभोवाणीचा. १९४० च्या मार्चपासून सरकारी नभोवाणीने पेटीस मज्जाव केला, आणि तो सैल होण्यास १९७१ साल उजाडले. इंग्रज अधिकारी, रवींद्रनाथांसारखे कवी आणि शुद्धतेचे अभिमानी पंडित, यांचे एरवी कशावरही जमले नसते. पेटीच्या द्वेषावर जमले! तीस वर्षांच्या त्या बंदीने पेटी मेली नाही, आणि सारंगीचे दिवसही त्यामुळे पालटले नाहीत.

आता विजेकडे वळू. १९३५ साली अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड याने एक बाजा विक्रीस काढला. त्यात नळी नाही, पाते नाही; लोहचुंबकापुढे फिरणाऱ्या ९१ दातेरी चक्रांतून सूर उत्पन्न होतो. तरी त्याच्या दांड्यांवर १६ फूट, ८ फूट असेच आकडे होते. देवळाचे माप सुटले नाही. मोठ्या किमतीच्या ऑर्गनाची बरोबरी हा बाजा करतो अशी जाहिरात झाली, तेव्हा तेथील व्यापार-नियामक मंडळाकडे तक्रार गेली, आणि १९३७ साली शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात पडद्याआड दोन्ही वाद्ये वाजवून परीक्षा घेण्यात आली. विद्यार्थ्यांची जवळजवळ निम्मी उत्तरे चुकली, म्हणजे त्यांनी नाणे उडविले असते तरी तेच झाले असते. जाणत्यांचीही सुमारे तिसरा हिस्सा चुकली. मंडळाने तरीसुद्धा हॅमंडच्या कंपनीस काही दावे मागे घ्यावयास लावले. आम्हांस हा निकाल योग्य वाटतो. कान फसले म्हणून दोन वस्तू एक होत नाहीत. परंतु ज्यांचे कान फसले त्यांनी नंतर फार जोराने बोलू नये, हेही खरे.

यानंतरची मोठी उडी १९७१ सालची. पेन्सिल्व्हानियातील ॲलन कंपनीने त्या वर्षी आकड्यांवर चालणारा, म्हणजे ज्यास आता ‘डिजिटल’ म्हणतात तो, पहिला ऑर्गन बाजारात आणला. त्यातील विद्या अवकाशयाने बांधणाऱ्या एका कारखान्याकडून आली होती. आता स्वराचे अनुकरण करण्याचे कारण उरले नाही. खऱ्या नळीचा स्वरच मोजून, अंकांत लिहून, हवा तेव्हा पुन्हा उच्चारता येऊ लागला. मग हे अंक नुसत्या विजेच्या बाज्यातच का ठेवावेत? खऱ्या नळ्यांच्या शेजारी ते का बसवू नयेत? अशा विचारातून संमिश्र ऑर्गन निघाले. वरच्या सप्तकांत, जेथे नळ्या लहान व स्वस्त, तेथे नळ्या ठेवाव्यात. खर्जात, जेथे एकेका नळीस तीन मजल्यांची उंची लागते, तेथे भोंगा ठेवावा.

या जोडकामात एक अडचण अशी आली, की ती ऐकून वऱ्हाडी माणसास हसू यावे. अंकांचा सूर उन्हात चढत नाही. सकाळी एकजीव वाजणारे वाद्य दुपारी दुभंगू लागले. नळ्या वर, भोंगे खाली. तेव्हा कारागिरांनी नळ्यांच्या कोठीत तापमापक बसविला, व त्याच्या सांगण्यावरून यंत्राने आपला अचूक सूर थोडाथोडा बिघडवून नळ्यांच्या मागे जावे अशी योजना केली. यंत्रास साथीला बसविले म्हणजे प्रथम अचूकपणाच सोडावयास शिकवावे लागते. आमच्या पेटीवाल्यांस हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गाणारा कणभर चढला तर पेटीस हलता येत नाही, म्हणून ते त्या जागी पट्टी सोडून देतात. देवलांनी १९१० साली ज्या श्रुतींसाठी एवढा खटाटोप केला, त्या बावीसच काय पण बावीसशे श्रुती या यंत्रास एका खटक्याने मिळतात, ही गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. पातीच्या पेटीत त्या आणण्याचा उद्योग ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी आपल्या काळात पुन्हा केला आहे. म्हणजे देवलांचा प्रश्न अद्याप जिवंत आहे.

विजेच्या सुराचे खरे वैगुण्य कोठे आहे? एकेक नळी ऐकून ते सापडत नाही. नळ्यांच्या ऑर्गनात हजार ठिकाणांहून हवा हलते; दोन नळ्या शेजारी वाजल्या म्हणजे एकमेकींस ओढतात, भात्यातील दाब किंचित ढळतो, आणि या सगळ्या लहानसहान अपराधांतून तो जिवंतपणा येतो. भोंग्यात हे सर्व एका कागदी पडद्याने एकट्याने करावयाचे असते. दुसरे वैगुण्य आयुष्याचे. स्वित्झर्लंडात सिऑनच्या टेकडीवरील देवळात पंधराव्या शतकातला ऑर्गन अजून वाजतो. अंकांचे यंत्र वीस-तीस वर्षांत जुने होते, त्याचे भाग करणारा कारखाना बंद पडतो, आणि मग ते दुरुस्त करणारा जगात कोणी राहत नाही. नळी सुतार व कल्हईवाला मिळून दुरुस्त करू शकतात.

न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चची हकीकत या बाबतीत फार शिकविते. २००१ सालच्या ११ सप्टेंबर रोजी जवळचे दोन गगनचुंबी मनोरे कोसळले, आणि त्यांची धूळ त्या देवळाच्या ऑर्गनात इतकी शिरली की तो निकामी ठरला. २००३ साली मार्शल व ओगलट्री यांनी त्याच्या जागी संपूर्ण अंकांचा ऑर्गन बसविला. तो तात्पुरता म्हणून आला, पण इतका उतरला की कित्येक जाणत्यांनी यापुढे नळ्यांचे कामच काय असे म्हटले, आणि कित्येकांनी हा देवळाचा अपमान मानला. पुढे त्या मंडळीने नळ्यांचाच नवा ऑर्गन करवून घेण्याचे ठरविले. तिच्यापाशी द्रव्याची वाण नव्हती, हे येथे विसरता कामा नये. ज्या देवळापाशी ते नाही त्याने काय करावे, या प्रश्नास ट्रिनिटीचे उदाहरण उत्तर देत नाही.

आमचे मत असे, की उसना सूर जोडण्यास हरकत नाही, परंतु त्यासाठी घरची एकही नळी मुकी करू नये. जेथे जोड काढून टाकली असता मूळ वाद्य पूर्ववत् राहते तेथे ती पाहुणी आहे. जेथे जागा करण्यासाठी जुन्या नळ्या भंगारात गेल्या तेथे ती पाहुणी म्हणून आली व मालकीण झाली. मंडळीस त्याची उघड खबर असावी, ही दुसरी अट. हॅमंडवरील निकालाचा मथितार्थ एवढाच होता, आणि तो आजही शिळा झालेला नाही. तंबोऱ्याच्या बाबतीत आपण यातले काहीच पाळले नाही. १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या राज नारायण यांनी विजेचा तंबोरा केला. प्रवासास तो उत्तम. परंतु प्रवासातून तो घरात आला, घरातून बैठकीत आला, आणि मिरजेचा भोपळा खुंटीस टांगला गेला. कोणी ठरवून हे केले नाही. सोयीला ठराव लागत नाही.

नाटकाच्या ऑर्गनाची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण तेथे मूळ वाद्य नवे मिळणेच दुरापास्त झाले आहे. पायबाज्यांचे अमेरिकन कारखाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक बंद पडले. जे बाजे आपल्याकडे उरले ते जुने, जड, उंदरांनी भात्याचे कातडे खाल्लेले; प्रयोगासाठी गावोगाव नेणे कोणत्याही संस्थेस परवडणारे नाही. अशा स्थितीत विजेच्या पेटीवर ‘ऑर्गन’चा खटका ओढून नाटक उभे राहत असेल तर त्या वादकास दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. दोष आहे तो निराळाच. त्या पेटीत साठविलेला ऑर्गन कोणाचा? बहुधा तो एखाद्या युरोपीय देवळाचा नळ्यांचा ऑर्गन असतो, नाहीतर हॅमंडचा. बालगंधर्वांच्या मागे जो वाजत होता तो हवा आत ओढणारा पातीचा बाजा, त्याचा किंचित नाकातला, उबदार, भात्याच्या दमाबरोबर हलणारा सूर, त्या पेटीत नसतो. कारण तो टिपून घेण्याची कोणास गरज वाटलेली नाही. परक्या देवळाचा सूर नाट्यपदामागे वाजतो, आणि नाव सारखे असल्यामुळे कोणास खटकत नाही.

त्यावर उपाय आहे, आणि तो मोठ्या खर्चाचा नाही. अमरावती-अकोल्याकडील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, शाळांच्या अडगळीत, नाट्यगृहांच्या मागल्या खोल्यांत असला एखादा बाजा अजून पडून असेल, तर तो मोडीत घालण्यापूर्वी भात्यास नवे कातडे बसवून, पाती पुसून, त्याचा सूर न सूर मुद्रित करून ठेवावा. पट्ट्या एकसष्ट, खटके दोनापासून चार, प्रत्येक सुरास दहा सेकंद. पाऊण तासाच्या आतबाहेर मुद्रण होते. भात्याची दुरुस्ती धरली तर आठ दिवसांचे काम आहे, आणि ते शक्यतो मे महिना टाळून करावे, म्हणजे कातडे ताणताना तडकणार नाही.